आंब्याखालच्या शाळेचा कोड नंबर

निवृत्तीनंतर परदेशात शाळांचं काम करायची इच्छा असलेल्या तीन शिक्षिका गेल्या महिन्यात घरी येऊन गेल्या. तिघींचा प्रश्न एकच होता, तिकडे जाऊन शिकवायचं काय? मी म्हटलं, शिकवायचं नंतर, आधी कागद. त्यांना वाटलं मी टाळतेय. म्हणून जे झालं ते तारखांसह लिहून काढते.

मी मे २०१४ ते डिसेंबर २०१५ दक्षिण सुदानमध्ये होते. एवढ्या काळात माझा हात लागून मोजून तीन गोष्टी झाल्या. एका शाळेला सरकारी कोड नंबर मिळाला, तिच्या नावाचं बँक खातं उघडलं आणि एक धड रजिस्टर तयार झालं. बस्स.

त्याआधी सव्वीस वर्षं मी जिल्हा परिषदेत होते, नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला. शेवटी केंद्रप्रमुख झाले आणि २०१३ च्या उन्हाळ्यात स्वेच्छानिवृत्ती घेतली. एका स्वयंसेवी संस्थेला अशी माणसं हवी होती, ज्यांनी घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असलेल्या मुलांना पहिली-दुसरीत शिकवलंय. घरी पावरी बोलणारी पोरं आणि हातात मराठी पुस्तक, यातच माझी नोकरी गेली होती. स्काइपवर मुलाखत झाली. माझं इंग्रजी बेताचं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे साधनं नसली तर काय करता? मी म्हटलं, बाई, आमच्याकडे कधी होती? त्या हसल्या आणि काम झालं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये पीतज्वराची लस घेतली. दक्षिण सुदानला जायचं तर लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतंच आणि ते मिळतं ठराविक केंद्रांवरच. मी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले, पहाटे रांगेत उभी राहिले आणि पहिल्या खेपेला परत आले, कारण त्या दिवसाचे डोस संपले होते. दुसऱ्या खेपेला मिळाली. लसीचे ३०० रुपये, प्रवासाचे त्याच्या कितीतरी पट. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे तिकीट त्या हिशेबाने काढा. परतीच्या वेळीही कार्ड हातातल्या पर्समध्ये ठेवा, सामानात नको. ते दाखवता आलं नाही तर भारतात उतरल्यावर वेगळं ठेवून घेतात.

जानेवारीत निघायचं होतं. १५ डिसेंबर २०१३ ला तिथल्या राजधानीत, जुबात गोळीबार सुरू झाला आणि पाहता पाहता देशात यादवी पेटली. देश स्वतंत्र होऊन अडीच वर्षंही झाली नव्हती. जानेवारी २०११ च्या सार्वमतात ९८.८३ टक्के लोकांनी सुदानपासून वेगळं व्हायला कौल दिला, ९ जुलैला झेंडा फडकला, आणि आता हे. धाकटा मुलगा म्हणाला, आई, तू टीव्ही बघतेस ना? हे काहीच बोलले नाहीत, पण माझी भरलेली बॅग उचलून माळ्यावर ठेवून दिली.

पाच महिने वाट पाहिली. त्या काळात दुसरं काही धरता येत नाही आणि हेही सोडवत नाही. लढाई मुख्यतः उत्तर आणि ईशान्येच्या राज्यांत होती, दक्षिणेकडचा इक्वेटोरियाचा भाग तुलनेने शांत होता. संस्थेने तिथली जागा दिली तेव्हा बॅग खाली आली. व्हिसाचे १०० डॉलर संस्थेने भरले. मी पासपोर्ट साइझचे चोवीस फोटो काढून नेले होते. सगळे हसले, आणि ऑगस्टपर्यंत ते संपले.

मुंबई, अदिस अबाबा, जुबा. तीन दिवसांच्या आत पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंद करावी लागते, तिथे दोन फोटो गेले. रस्त्यावर कॅमेरा काढायचा तर माहिती खात्याचा परवाना लागायचा. मी सरळ कॅमेरा बॅगेत तळाशी टाकला. आणखी एक, डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि कोऱ्या करकरीत न्या. तेव्हा २००६ च्या आधीची नोट कुणी घेत नसे. घडीची चूण असली तरी तोंड वाकडं करत.

जुबाहून आमच्या गावापर्यंतचा रस्ता लाल मातीचा, त्यात पावसाळा लागलेला. नकाशावर बोटभर अंतर, जायला पूर्ण दिवस. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत. युगांडाची सीमा जवळ आणि लोक काक्वा बोलणारे, एवढं पुरे.

शाळा म्हणजे एक मोठा आंबा आणि मातीच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या दोन खोल्या. वर्ग पहिली ते सहावी. शिक्षक सात, त्यातले तिघे सरकारी पगारपत्रकावर. उरलेले चौघे ‘स्वयंसेवक’, म्हणजे पालक देतील त्या मक्यावर आणि चार पैशांवर शिकवणारे. पगारपत्रकावरच्या तिघांचा पगारही दोन-दोन महिने तुंबलेला असे.

पहिल्या दिवशी मी सवयीने डोकी मोजली. पहिलीत ११३, पाचवीत २७, सहावीत १९. सहावीत मुली चार. हे उतरतं शेपूट मी धडगावला पाहिलेलं होतं, पण इतकं निमुळतं नाही. पहिलीत सहा वर्षांची पोरं होती आणि चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगाही होता. स्वातंत्र्याआधीच्या युद्धाच्या वर्षांत शाळाच नव्हती, मग आत्ता पहिली. देशातल्या प्रौढांपैकी साक्षर सत्तावीस टक्के, हा आकडा मी मुलाखतीआधी पाठ केला होता. इथे तो आंब्याखाली घरून आणलेल्या प्लास्टिकच्या डब्यांवर बसलेला दिसला.

मुख्याध्यापकांना सगळे ‘मुदीर’ म्हणत. साठीला टेकलेले, उंच, अतिशय हळू बोलणारे. मला सगळे ‘मामा’ म्हणत. तिकडे वयाने मोठ्या बाईला मामा म्हणतात. मी घरी फोनवर सांगितलं तर नातवंडं दिवसभर हसत होती.

एक शिक्षक सुदानच्या राजधानीतून, खार्तूमहून परतलेले होते, अरबीत शिकलेले आणि अरबीतच शिकवलेले. नव्या संविधानाने इंग्रजीला राजभाषा आणि शिक्षणाचं माध्यम केलं, आणि वीस वर्षं शिकवणारा हा माणूस एका दिवसात अडाणी ठरला. ते रोज दुपारी माझ्याशेजारी बसून इंग्रजी क्रियापदं लिहीत. एकदा त्यांनी वहीला ‘दफ्तर’ म्हटलं आणि मी उडालेच. मग आम्हाला खेळच सापडला. किताब, कुर्सी, साबून, तारीख. त्यांचा शब्द मला कळे आणि माझा त्यांना. इंग्रजीत आम्ही दोघंही अडखळणारी माणसं, ओळखीचे धागे निघाले ते अरबीतून मराठीत आलेल्या शब्दांचे.

मी जिच्यासाठी गेले होते ती भाषेची गोष्ट आधी सांगते. सरकारचं धोरण असं, की पहिली ते तिसरी मुलांच्या भाषेत, सोबत इंग्रजी हा विषय आणि चौथीपासून इंग्रजी माध्यम. कागदावर अगदी शहाणपणाचं. शाळा समितीच्या बैठकीत मी ते मांडलं, तर एक आजोबा काठी टेकून उठले. दुभाष्याने सांगितलं त्याचा भाव असा: अरबी नको म्हणून आम्ही पोरं गमावली, इंग्रजी येईल म्हणून. आता तुम्ही म्हणता काक्वा शिका. काक्वा तर आमची शेळीसुद्धा समजते.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी दारात आली की जिल्हा परिषदेच्या शाळेतून नाव काढणारे आमचे पालक आठवले. त्यांच्याशीही मी कधी वाद जिंकले नव्हते.

शेवटी वाद सुटला नाही, वळसा घातला. गणितापासून सुरुवात केली. काक्वात अकरा म्हणजे सरळ ‘दहा आणि एक’, बारा म्हणजे ‘दहा आणि दोन’. ‘एकोणीस’ आणि ‘त्रेसष्ट’ यांच्याशी आयुष्यभर झुंजलेल्या मला ते पाहून हेवाच वाटला. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक’वरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, तेव्हा मला हा आंबाच आठवत होता.) पहिलीच्या पोरांनी काड्यांच्या जुड्या बांधून महिन्याभरात शंभरापर्यंत मोजून दाखवलं, तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. पटलं असं नाही, विरोध थांबला.

आता कागद.

त्या वर्षी ब्रिटनच्या पैशावर चालणारा ‘गर्ल्स एज्युकेशन साउथ सुदान’ हा कार्यक्रम शाळांपर्यंत पोचत होता. त्यात दोन गोष्टी होत्या. शाळेला पटाप्रमाणे अनुदान, आणि पाचवीपासून पुढच्या प्रत्येक मुलीच्या हातात थेट रोख रक्कम. अनुदान घ्यायचं तर शाळेला सरकारी कोड हवा, पट नोंदलेला हवा, समिती हवी, शाळेचा विकास आराखडा आणि अंदाजपत्रक हवं, बँक खातं हवं. आमच्या शाळेकडे यातलं समिती तेवढी होती. २०११ पासून सुरू असलेली शाळा सरकारच्या यादीत नव्हतीच. जुन्या यादीत तिच्यासारख्याच नावाची दुसरी शाळा होती, युद्धात बंद पडलेली, आणि सगळ्यांना वाटत होतं ती हीच.

जून २०१४. रचना अशी, की सगळ्यात खाली बोमा, म्हणजे आपल्या गावासारखं. वर पायाम, त्यावर काउंटी, मग राज्य, मग जुबातलं मंत्रालय. बोमाच्या प्रमुखाकडून जागेचं पत्र तीन दिवसांत मिळालं, एका बैठकीत आणि दोन चहांत. पायामच्या पर्यवेक्षकाने येऊन डोकी मोजली, सही केली. मोटरसायकलचं पेट्रोल आम्हीच दिलं, ३० पौंड (दक्षिण सुदानचे, ब्रिटनचे नव्हेत). आपल्याकडे २०११ च्या पटपडताळणीत पोरांच्या बोटाला शाई लावली होती, त्यातून गेलेल्या मला हे मोजणं घरचंच वाटलं.

काउंटी कार्यालयात मात्र फाइल बसली. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला साहेब होते पण शिक्का कपाटात आणि किल्ली रजेवर. तिसऱ्या खेपेला प्रिंटरची शाई संपली होती. ‘बुकरा’ हा शब्द मी तिथे शिकले. अर्थ ‘उद्या’, पण आपल्या ‘बघू’सारखा वापरतात. चौथ्या खेपेला मुदीर घरून भाजलेले शेंगदाणे घेऊन गेले आणि कारकुनाच्या शेजारी दिवसभर बसून राहिले. काही बोलले नाहीत, मागितलं नाही. संध्याकाळी शिक्का बसला. मला वाटलं शेंगदाण्यांची लाच झाली. मुदीर म्हणाले, नाही मामा, त्याला सात महिने पगार नाही, दिवसभर कुणी सोबत बसलं तर बरं वाटतं.

हे वाचणाऱ्यांना एक सांगते. प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का नसेल तर नुसती सही आणि तारीख. राज्याच्या कार्यालयात आमची फाइल ऑगस्टमध्ये हरवली. पोच होती म्हणून पुन्हा बोमापासून सुरुवात करावी लागली नाही. ९ ऑक्टोबर २०१४ ला कोड मिळाला. आकडा एका चिठ्ठीवर लिहून आला होता. मुदीरांनी तो आंब्याच्या बुंध्यावर खडूने लिहिला आणि दुसऱ्या दिवशी पावसाने पुसला.

बँक खात्याला त्याहून जास्त वेळ लागला. सह्या करणारे तिघे हवे होते: मुदीर, समितीचे अध्यक्ष आणि एक बाई. बाईंकडे ओळखपत्र नव्हतं. ओळखपत्र म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, तिकडे त्याला ‘जिन्सिया’ म्हणतात. त्यासाठी जन्माचा पुरावा हवा, तो नसेल तर डॉक्टरकडून वयाचा अंदाज, आणि कुळातला एखादा थोर साक्षीला. बाई जन्मल्या तेव्हा त्यांची आई झाडीत लपलेली होती, पुरावा कुठला असणार? डॉक्टरने अंदाजे वय लिहिलं आणि जन्मतारीख घातली १ जानेवारी. मी रांगेत पाहिलं, पुढच्या माणसाचीही १ जानेवारी, मागच्याचीही. मी स्वतः किती पोरांच्या नावापुढे १ जून लिहिलं असेल याची गणती नाही. आमच्या तालुक्यातलं अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं आहे, ते माझ्यासारख्यांच्या पेनातून. दाखला यायला अकरा आठवडे लागले. खातं फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडलं, माझे शेवटचे दोन फोटो त्याच्या आधीच भलत्याच एका फॉर्मवर गेले होते.

आणि मग नावं. यावर मी थोडं रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त रडू मला इथे आलं. तिकडे आडनाव नसतं. मुलीचं नाव, वडिलांचं, आजोबांचं. शिवाय एक बाप्तिस्म्याचं, एक घरचं. एकाच मुलीचं नाव रजिस्टरला एक, हजेरीपटावर दुसरं, आणि सरकारी यादीत टाइप करणाऱ्याने ऐकलं तसं तिसरं. पाचवी-सहावीच्या तेरा मुलींची नावं पाठवली, मंजूर यादीत आठच आल्या. राहिलेल्या पाचपैकी एक पैसे वाटायच्या दिवशी पहाटे चारला उठून, धाकट्या भावाला पाठीशी बांधून आली होती. यादी वाचून संपली तरी ती उभीच. मी तिला जवळ घेतलं तर तिने अंग आखडून घेतलं. तिचं बरोबर होतं. तिचं नाव मीच चुकीचं लिहिलं होतं, ‘ज’च्या जागी ‘य’.

त्यानंतर आम्ही एक मूळ रजिस्टर बनवलं. प्रत्येक पालकाला बोलावून, नाव मोठ्याने तीनदा म्हणायला लावून, मुदीरांनी लिहायचं, अरबीवाल्या गुरुजींनी तपासायचं. पुढचा प्रत्येक कागद त्यावरूनच उतरवायचा, आठवणीतून कधीच नाही. यात सहा आठवडे गेले. पुढच्या यादीत एकही नाव गळलं नाही. एवढं एकच काम मला परत करायला सांगितलं तर तसंच करीन. तुम्ही कुठेही जा, पहिल्या आठवड्यात हेच करा, माझ्यासारखं दहाव्या महिन्यात नको.

हजेरी मोबाइलच्या संदेशाने जायची. वर्गवार मुलं किती, मुली किती. रेंज मिळायची शाळेमागच्या वारुळावर उभं राहिल्यावर. फोन बाजारात चार्ज करायचा, एका वेळचे २ पौंड. मुदीर रोज साडेदहाला वारुळावर चढत आणि मुलं खालून आकडे ओरडत.

अनुदान एप्रिल २०१५ मध्ये खात्यावर जमा झालं. आराखडा लिहिला होता आदल्या वर्षी, तेव्हाच्या भावाने चाळीस पत्रे आणि एक संडास त्यात बसत होते. मधल्या काळात पौंड घसरत गेला. सरकारी दर डॉलरला तीनच्या आसपास गोठलेला आणि बाजारातला कुठल्या कुठे. पत्रे बावीसच आले. मुलींचा संडास आधी, असं बैठकीत त्या खातेदार बाईंनी ठणकावलं. बावीस पत्र्यांत एकाच खोलीचं छप्पर झालं. खडू, वह्या आणि एक फुटबॉल. फुटबॉल अंदाजपत्रकात नव्हता, तो मी घेतला.

८ सप्टेंबर २०१५ ला जुबात नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम जाहीर झाला, स्वतंत्र देशाचा स्वतःचा पहिला. तोवर कुठे खार्तूमची पुस्तकं, कुठे केनियाची, कुठे युगांडाची. आम्ही रेडिओभोवती बसून बातमी ऐकली. अरबीवाले गुरुजी इंग्रजी बातमी काक्वात सांगत होते आणि मधे अडले नाहीत. पुस्तकं मात्र मी असेपर्यंत आली नाहीत. चौथीला अजून युगांडाचंच जुनं पुस्तक होतं, सात मुलांत एक.

१५ डिसेंबर २०१५ ला मी जुबात विमानासाठी थांबले होते, त्याच दिवशी सरकारने पौंडाचा दर मोकळा सोडला. डॉलर तीनवरून एकदम साडेअठरावर. हॉटेलच्या पोऱ्याने मला बिल दोनदा बदलून आणून दिलं.

जुलै २०१६ मध्ये जुबात पुन्हा लढाई झाली आणि या वेळी ती दक्षिणेकडे उतरली. आमचा भाग रिकामा झाला, माणसं चालत युगांडात गेली. ऑगस्टमध्ये तिकडे बिडीबिडीची छावणी उघडली आणि बघता बघता जगातल्या सगळ्यात मोठ्या छावण्यांत मोजली जाऊ लागली. चार महिने मुदीरांचा फोन लागला नाही. मी दिवसातून दोनदा लावायची, हे म्हणायचे, लाव, लाव.

डिसेंबरात अनोळखी युगांडाच्या नंबरवरून एक फोटो आला. मूळ रजिस्टर, ताडपत्रीवर उघडं ठेवलेलं. पहिलीची पानं भिजून शाई पसरलेली, पुढची ठीक. खाली मुदीरांचा मजकूर होता. छावणीच्या शाळेत कागद नसलेल्या मुलांना खालच्या वर्गात बसवतात, म्हणून ते रोज रजिस्टर घेऊन दारात उभे राहतात. आमच्या एकतीस मुलांना त्यांच्याच वर्गात घेतलं. पहिलीच्या पानांची तुमच्याकडे प्रत आहे का मामा?

होती. त्या रात्री मी एकेका पानाचा फोटो काढून पाठवला, आणि प्रत्येक वेळी दोन्ही खुणा निळ्या होईपर्यंत पुढचं पान उलटलं नाही.